सोलो ट्रिप, सोबत आत्या

माझ्या भाचीला एकटीने फिरायला जायचं होतं, म्हणून माझ्या भावाने तिच्याबरोबर मला पाठवलं.

या वाक्यात काही चुकतंय असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या जळगावचे नाही. आमच्या घरात ते ऐकून कुणी हसलं नाही. भावजयीने उलट सुटकेचा निःश्वास टाकला आणि दशम्यांसाठी दूध तापवायला घेतलं.

मी भुसावळला रेल्वेच्या तिकीट खिडकीत नोकरी करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्यामुळे घरात कुणाला कुणाची सोबत हवी असली की सगळ्यात आधी माझं नाव निघतं. बाळंतिणीला, मोतीबिंदूवाल्याला, परीक्षेला जाणाऱ्या पोरीला, सगळ्यांना मी सोबत केली आहे. पण एकट्या जाणाऱ्या माणसाला सोबत करण्याची ही पहिलीच वेळ.

खिडकीमागे बसून मी जन्मभर लोकांना गावोगावी पाठवलं. जाळीपलीकडून माणूस नुसतं स्टेशन सांगत नाही, कारणही सांगतो. विचारावं लागत नाही. "नागपूर द्या ताई, मामा गेले." "सुरत, पोराला कामाला लावलंय." "अकोला दोन, साखरपुडा आहे." एक गृहस्थ दर महिन्याला बऱ्हाणपूरचं तिकीट काढायचे आणि दर वेळी नवं कारण द्यायचे, त्यावरून खरं कारण काय ते आम्हा सगळ्यांना कळलेलं होतं. पण "खंडवा द्या, तिथे संध्याकाळी उजेड फार चांगला पडतो," असं म्हणणारा माणूस काही मला भेटला नाही.

भाची इंजिनिअर आहे. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून, वरच्या मजल्यावरच्या खोलीतून करते. तिची कॉलेजातली एक मैत्रीण हिमालयात जाऊन आली आणि तिथून हे दुखणं सुरू झालं. मैत्रिणीचा व्हिडिओ भाचीने मला दाखवला. मुलगी कड्याच्या टोकाशी पाठमोरी उभी, हात पसरलेले, वारा सुटलेला, खाली अक्षरं, 'स्वतःच्या शोधात, एकटी.'

"छान आहे," मी म्हणाले. "हा काढला कुणी?"

"आत्या, तू ना!" म्हणून तिने फोन ओढून घेतला. म्हणजे प्रश्न बरोबर होता.

माझा भाऊ ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. शेतकऱ्याला थेंबाथेंबाचा हिशोब समजावून सांगणारा माणूस, पण मुलीचं हे मागणं त्याच्या डोक्यात काही झिरपेना. "एकटीने? कशाला?" एवढंच तो म्हणत राहिला. देवाला जायचंय का? नाही. कुणाचं लग्न आहे का? नाही. कंपनीचं काम? नाही. मग कशाला? भाची रडली, जेवली नाही, वरच्या खोलीतून मीटिंगपुरतं चेहऱ्याला पावडर लावून बोलायची आणि पुन्हा रडायची. शेवटी भावाने तोडगा काढला. जा एकटी, पण अक्काला घेऊन जा. अक्का म्हणजे मी.

तिचा मला भुसावळला फोन आला. "आत्या, येशील ना? पण एक अट आहे. तू फ्रेममध्ये यायचं नाही."

मी म्हटलं, आयुष्य जाळीमागे काढलं आहे, जमेल.

जागा तिने आधीच ठरवलेली होती, जळगावला गेल्यावर तिने मला फोनवर फोटो दाखवला. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा, तिथे टेकाडावर एकच एक मोहाचं झाड, मागे डोंगरांच्या रांगा. "अजून कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. मला प्रश्न पडला की मग हिला कसं कळलं. पण तिने फोन पुन्हा ओढून घेतला असता, म्हणून गप्प बसले.

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही जळगावहून चोपड्यामार्गे एसटीने निघालो. घरी गाडी आहे, पण एसटी 'ऑथेंटिक' असते असं तिचं म्हणणं. एसटीने रोज जाणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसावं, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडावर तसा आनंद दिसत नव्हता. तिच्या बॅगेत कपड्यांचे जोड, एक टोपी, काळा चकचकीत गॉगल आणि तीन पायांची घडीची काठी. माझ्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि पाणी.

चोपडा सोडल्यावर तिने मला खिडकीजवळून उठवलं. तिला खिडकीचा शॉट हवा होता. काच पूर्ण उघडायची, डोकं जरा बाहेर, केस उडताहेत, नजर दूर. मी फोन धरला. वाऱ्याबरोबर कापसाच्या गाड्यांची धूळ आत आली आणि मागच्या सीटवरच्या नऊवारीतल्या म्हातारीच्या तोंडावर गेली. तिने आधी खोकून पाहिलं. मग खिडकी ओढली. भाचीने पुन्हा उघडली. म्हातारीने पुन्हा ओढली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केस उडाडाना व्हतीन ते टपवर बस ना, माय!"

गाडी हसली. कंडक्टरसुद्धा हसला. भाची जळगावात वाढलेली, तिला घरात कुणी अहिराणी शिकवली नाही. "काय म्हणाली गं ती?"

"टपावर जागा आहे म्हणतेय," मी सांगितलं.

शिरपूरला उतरून आम्ही पायथ्याकडे जाणारी जीप धरली. भाची ड्रायव्हरला फोनमधला फोटो दाखवून समजावू लागली, एक झाड आहे, एकटंच आहे, टेकडीवर. त्याने तंबाखू मळता मळता फोटोकडे पाहिलंही नाही. "रीलवाला झाडजोडे ना? बठ्ठा तठेच जातस."

बठ्ठा म्हणजे सगळे. तेवढी अहिराणी तिला कळली आणि तिचा चेहरा उतरला.

सगळे खरंच तिथेच आले होते. कुणाला माहीत नसलेल्या त्या झाडाखाली रांग होती. धुळ्याचं एक जोडपं, मध्य प्रदेशच्या पासिंगच्या गाडीतून आलेला पोरांचा घोळका, आणि पांढरा झगा घातलेली एक मुलगी, तिचा झगा कुसळांनी भरलेला. झाडाला टेकून टेकून खोडाची एक बाजू गुळगुळीत झाली होती. प्रत्येकाचा नंबर लागला की बाकीचे सगळे निमूट बाजूला सरकायचे, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे दगडामागे बसायचे. मग नंबरवाला माणूस झाडाखाली जाऊन एकटा पडायचा. एकटं पडून झालं की उठून दुसऱ्याला जागा करून द्यायचा. इतकी शिस्त मी आमच्या तिकीट खिडकीपुढे कधी पाहिली नव्हती.

आमचा नंबर आला. मी पाठमोरे फोटो काढले, चालतानाचे काढले, झाडाला हात लावून डोळे मिटलेले काढले. मधूनमधून मी साडीचा पदर ताणून आडोसा धरायचा आणि तिने त्यामागे वरचा कुडता बदलायचा, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं ही इथे मुक्कामाला आहे.

"आत्या, मी विचारात हरवलेय असं दिसायला हवं."

"कसल्या विचारात?"

"ते महत्त्वाचं नाही गं."

मग माझी सावली तिच्या पायाशी यायला लागली. ऊन माझ्या पाठीवर होतं. इकडे सरक, तिकडे सरक, वाक, बस. शेवटी मी तिच्या अगदी समोर, जवळ जाऊन बसले, तेव्हा सावली गेली, पण ऊन थेट तिच्या डोळ्यात. म्हणून तिने गॉगल लावला. तो व्हिडिओ तिला फार आवडला. चेहरा जवळून, ओठावर जरासं हसू, वाऱ्याने केसांची एक बट हललेली. "हाच," ती म्हणाली. "हाच टाकणार."

दगडामागचे लोक चुळबुळ करायला लागले होते. आम्ही जागा सोडली.

डोंगराकडे तिने एकदाही पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. पाहिलं. फोनमध्ये.

टेकाडाच्या खाली तुरीचं शेत होतं आणि कडेला कुडाच्या भिंतींचं घर. पाणी संपलं होतं म्हणून आम्ही गेलो. घरातल्या बाईने पाणी दिलं, बाज टाकली. ती पावरी बोलत होती, तिची मुलगी मराठीत सांगत होती. मुलगी शिरपूरला नर्सिंग शिकते, सुट्टीत घरी आली होती. आम्ही दशम्या सोडल्या, त्यांनी भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढे केली. जेवण झालं आणि भाचीला चूल दिसली.

"मी तुमच्या आईचा एक व्हिडिओ काढू? चुलीजवळ? अगदी नॅचरल, रोजचं काम करतात तसं."

मुलीने आईला विचारलं. आई उठली, आत गेली, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात चांदीची हासळी घालून बाहेर आली. ती चुलीजवळ बसायला तयार नव्हती. तिला त्यांच्या नव्या मोटरसायकलजवळ उभं राहायचं होतं. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. भाचीने मोटरसायकलचा फोटो काढला, पण मन लावून काढला नाही.

मग ती त्या मुलीशी बोलायला लागली. "तू कधी बाहेर फिरली आहेस? म्हणजे प्रवास वगैरे?"

"हो, खूप. सुरत, राजकोट, जुनागढ. एकदा पोरबंदरच्याही पुढे."

"वॉव!" भाची सरसावून बसली. "एवढं? कुणाबरोबर? एकटी?"

"आईबाबांबरोबर. शेंगा उपटायला जायचो. कापूस वेचायला पण. शाळेला दांडी पडायची."

भाची बाजेच्या सुंभाशी खेळत बसली. मुलीला मात्र त्यात अवघडण्यासारखं काही वाटलं नसावं, कारण तिने लगेच स्वतःचा फोन काढला. "तुम्ही जळगावच्या ना? तिकडे ते दुकान आहे, आत सरकता जिना आहे, ते कुठे? आमच्या हॉस्टेलच्या पोरींना तिथे रील करायची आहे. लाइट लय भारी असते म्हणतात."

त्या दुकानात आम्ही पायपुसणी आणायला जातो. भाचीने पत्ता सांगितला. दोघींनी एकमेकींना फॉलो केलं. निघताना मुलीने भाचीचा गॉगल मागून घेतला, डोळ्यांवर लावून तुरीच्या पिवळ्या फुलांत उभं राहून एक फोटो काढला आणि गॉगल पुसून परत दिला. तिला दुसरा फोटो लागला नाही.

रील दुसऱ्या दिवशी पडली. वर अक्षरं, 'मी, माझी मी आणि सातपुडा.' मागे बासरी. मी भुसावळला घरी पोचून पाय शेकत होते. बदाम पडत होते, पुण्याच्या मैत्रिणी रडक्या बाहुल्या पाठवत होत्या, आणि हिमालयवालीने 'किती धीट आहेस तू' असं लिहिलं होतं. भाचीने मला फोन करून ते वाचून दाखवलं. मीही खूश झाले. बसमधली म्हातारी सोडली तर धीट राहावं असं आमच्यावर काही गुदरलं नव्हतं, पण कौतुक फुकट मिळत असेल तर घ्यावं.

मग कुणीतरी लिहिलं, 'गॉगलमध्ये ती काकू कोण आहे?'

मी होते. काळ्या चकचकीत काचेत, दोन्ही बाजूंना एक-एक, चांगली स्पष्ट दोन वेळा मी होते. डोक्याला पदर गुंडाळलेला, एक डोळा मिटलेला, आणि जीभ बाहेर. नेम धरताना माझी जीभ बाहेर येते हे मला या वयात कळलं. खांद्याला दशम्यांची पिशवी. कुणा उत्साही माणसाने तेवढा तुकडा मोठा करून त्याला लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'सोलो काकू.' तो गोल जळगावभर फिरला. भुसावळला आला. शेजारीण सकाळी फोन हातात घेऊनच दारात उभी. "अहो, ही तुम्हीच ना? जिभेवरून ओळखलं."

म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

भाचीने रील काढून टाकली, पण गोल कुठे काढता येतो? ती माझ्याशी बोलेना. मी तिला समजवायला जळगावला गेले तर दाराआडून म्हणाली, "तू का दिसलीस आत्या?"

"मी होते म्हणून," मी म्हणाले.

त्यातच धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगल्या कंपनीत, मोठ्या मोटरसायकलवरून एकटा लांब लांब फिरणारा. त्याचे फोटो भाचीने आधीच पाहून ठेवले होते. वाळवंटात मोटरसायकल आणि तो. घाटात मोटरसायकल आणि तो. 'रस्ता आणि मी, तिसरं कुणी नाही.' तिला तो आवडला होता, हे तिने न सांगता कळत होतं, कारण पाहुणे येणार त्या दिवशी ती माझ्याशी बोलली. "आत्या, जीभ आत ठेव."

पाहुणे आले. पोह्यांच्या बशा मी नेत होते. मुलाची आई गोड बोलणारी, पण तिच्या मनात काहीतरी अडलेलं होतं. शेवटी ती म्हणाली, "मुलगी छानच आहे. फक्त ते, एकटी फिरते असं कानावर आलं. आमच्याकडे जरा जुनी माणसं आहेत..."

माझा भाऊ ताडकन उठला. या क्षणासाठीच देवाने त्याला फोन दिला होता. त्याने तो लाल गोल उघडला आणि मुलाच्या आईच्या नाकासमोर धरला. "हे बघा. नीट बघा. गॉगलमध्ये. ही आमची अक्का! पोरगी एक क्षण एकटी नव्हती." आणि मला हाक मारली. "अक्का, जरा उजेडात ये."

मी पोह्यांची बशी घेऊन उजेडात उभी राहिले. मुलाच्या आईने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. मुलाचे वडील चष्मा वर करून खातरजमा करून गेले. भाची जमिनीकडे पाहत होती. एवढं खपून उभं केलेलं तिचं एकटेपण तिच्या बापाने चारचौघांत मोडीत काढलं होतं.

मुलाच्या आईला इतकं बरं वाटलं की तिने आपलंही मन मोकळं केलं. "अहो, मग आमच्यासारखंच की! हा मोटरसायकलवर जातो ना, तेव्हा याचा मामा मागून पिकअप घेऊन जातो. डबा, गादी, पंक्चरचं सामान. मी मामाला सांगितलंय, पोराच्या फोटोत येऊ नकोस, बाकी काही कर."

आता मुलगा जमिनीकडे पाहायला लागला. मोठी माणसं मात्र मनापासून हसली. दोन्ही घरांचे संस्कार जुळले होते. भावजयीने पोह्यांवर आणखी शेव घातली.

दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं आणि रिवाजाप्रमाणे मला जिन्यात बसवलं. थोड्या वेळाने वरून भाचीचं हसू ऐकू आलं. मामाने एकदा वाळवंटात पिकअप रुतवून ठेवली आणि यानेच ती ढकलून काढली, ते तो सांगत होता. त्याचा फोटो मात्र त्याने कुठेच टाकलेला नव्हता. मला वाटलं, जमलं.

पाहुणे गेल्यावर ती गच्चीतच बसून राहिली. मी वर गेले. म्हटलं, चिडली असशील बापावर. ती म्हणाली, चिडून काय करू. मग म्हणाली, "आत्या, तू मला हसतेस ते मला कळतं. झाडाला हसलीस, रांगेला हसलीस. पण तुझ्या खिडकीत एखादी मुलगी आली असती आणि म्हणाली असती, तिकीट द्या, कारण काही नाही, नुसतं जायचंय. तर?"

"दिलं असतं. माझं काम होतं ते."

"आणि मनात काय म्हणाली असतीस?"

मनात काय म्हणाले असते ते मला लगेच कळलं. पळून चालली, असं म्हणाले असते. बाजूच्या खिडकीतल्या बाईलाही सांगितलं असतं.

"मुलीला कारण लागतं गं," ती म्हणाली. "पप्पांना नुसतं जायचंय सांगितलं की ते विचारतात कशाला. रील करायची आहे म्हटलं की निदान काहीतरी काम आहे असं वाटतं त्यांना. वेडेपणाचं काम, पण काम."

मी तिला म्हटलं खाली चल, चहा करू. उत्तर नसलं की आमच्या घरात चहा करतात.

धुळ्याहून होकार लगेच आला. भाचीने वेळ मागून घेतला. ती आणि तो दोन-तीनदा भेटले, कधी जळगावात, कधी धुळ्यात, दर वेळी एखाद्या हॉटेलात जिथे खाण्यापेक्षा भिंती चांगल्या असतात. शेवटच्या भेटीहून ती आली ती सरळ माझ्याकडे भुसावळला. म्हणाली, नाही करणार.

"का गं? मामामुळे?"

"मामा चांगला माणूस आहे. मी मुलालाच विचारलं, लग्नानंतर मला कधी एकटीला कुठे जावंसं वाटलं तर? तो म्हणाला, कशाला? मी असेन ना. प्रेमाने म्हणाला गं. पण शब्द तोच."

भावाने डोकं धरलं. भावजयीने मला दोष दिला, मुलीच्या डोक्यात हे मीच भरलं म्हणून. धुळ्याच्या बाईने फोन करून विचारलं, आमचं काय चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना समजावणं फार अवघड गेलं. काही दिवस घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं.

मग एके दिवशी जेवताना भाची म्हणाली, "मला द्वारकेला जायचंय."

"द्वारकेला?" भाऊ घास घ्यायचा थांबला.

"कृष्णाला. मनात आहे खूप दिवसांपासून. नवस म्हणा."

भावजयीचे डोळे भरून आले. पोरीचं चित्त ठिकाणावर आलं असं तिला वाटलं. देवाला जाते म्हटल्यावर अडवणार कोण? जळगावहून थेट गाडी आहे, स्टेशनजवळ भक्तनिवास आहे, आणि देवाच्या दारी जाताना सोबत शोधली तर श्रद्धा कमी पडल्यासारखं दिसतं. भाऊ एकदा माझ्याकडे वळला, पण मी गुडघा धरून बसले. गुडघा तेव्हा चांगला होता.

भाचीने माझ्याकडे पाहिलंही नाही. लबाड पोरीला शेवटी असं कारण सापडलं होतं, जे आमच्या घरात कुणी तपासत नाही.

भावाने एकच अट घातली. फोनमध्ये ती कुठे आहे ते सतत दिसलं पाहिजे. ती हो म्हणाली. गाडी सुटली आणि बैठकीत टीव्ही बंद झाला. भावाने फोन उशीला टेकवून टेबलावर उभा केला. त्यात एक निळा ठिपका अमळनेरकडे सरकत होता. मीही दोन दिवस तिकडेच राहिले. भाऊ दुकानात गेला नाही. ठिपका नंदुरबारला थांबला की तो विचारायचा, "का थांबली?" आणि मी सांगायचे, "गाडी थांबली आहे, ती नाही." ठिपका सुरतेपुढे गेला. भावजय म्हणाली, "जेवली असेल का?" ठिपक्यावर ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपका देवळापासून निघाला आणि किनाऱ्याकडे गेला. मग आणखी पुढे गेला. नकाशात जिथे निळा रंग सुरू होतो, तिथे आत जाऊन उभा राहिला आणि हलेना.

"अक्का, पोर पानीमा शे!" भाऊ ओरडला. चाळीस वर्षं दुकानात शुद्ध बोलणारा माणूस. भावजयीने देवापुढे धाव घेतली. भावाने फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"पप्पा, काय झालं?"

"तू पाण्यात काय करते आहेस?"

"उभी आहे," ती म्हणाली. मागे लाटांचा आवाज येत होता. "गुडघ्यापर्यंत. छान वाटतंय. ठेवू?"

तिने फोन ठेवला. आम्ही तिघंही पुन्हा ठिपक्याकडे पाहत बसलो. अंधार पडायला आला तेव्हा तो हळूच किनाऱ्याकडे सरकला, आणि भावजय स्वयंपाकाला उठली.